‘पातळ द्या’ म्हणजे नेमकं काय द्यायचं?

ऑपरेशन झालं की डॉक्टर सांगतात, “दोन दिवस पातळच द्या.” घरी आल्यावर या ‘पातळ’चे चार अर्थ निघतात. कुणी नारळपाण्यावर ठेवतं, कुणी चहावर, कुणी ग्लुकोज पावडर ढवळून देतं. आणि दोन दिवसांचे आठ दिवस होतात. बारामती-इंदापूरच्या वस्त्यांत टाके वाळलेले, पण उठून बसायची ताकद नसलेले पेशंट मला भेटतात. त्यांची ताकद पोटात अन्न नसल्यामुळे गेलेली असते.

दवाखान्यात पातळ आहार दोन प्रकारचा मानतात. पहिला आरपार दिसणारा. ग्लासामागे धरलेलं बोट दिसलं पाहिजे. कोरा चहा, गाळलेलं लिंबूपाणी, नारळपाणी, डाळीवरचं निवळ पाणी, तेलाचा तवंग काढून गाळलेलं अळणी. पोटाच्या काही ऑपरेशननंतर किंवा मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी करायच्या आधी हा देतात. तपासणी असेल तर बीट, कोकम असं लाल-जांभळं काही नको. आत ते रक्तासारखं दिसतं. या आहारातून पाणी आणि थोडं साखर-मीठ मिळतं, बाकी काही नाही. म्हणून तो एक-दोन दिवसांपुरताच.

दुसरा पूर्ण पातळ. दूध, ताक, पेज, नाचणीची आंबील, पातळ खीर आणि आपल्या जिरायती भागातलं हुलग्याचं माडगं. माडग्याला गरिबाचं खाणं म्हणून नाक मुरडू नका. बाजारातल्या महागड्या डब्यापेक्षा ते मला जास्त भरवशाचं वाटतं. पेजेचं तर काय सांगावं? भिक्खूंना यागू, म्हणजे तांदळाची पेज, घेण्याची परवानगी तथागतांनी दिल्याची नोंद विनयपिटकात आहे.

“सलाईन लावलंय, आता ताकद येईल,” हे वाक्य रोज ऐकू येतं. हिशोब बघा. 5 टक्के ग्लुकोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत 25 ग्रॅम साखर असते, म्हणजे पाच-सहा छोटे चमचे. एका भाकरीत त्याहून जास्त ताकद आहे. मिठाच्या सलाईनमध्ये तर ताकद शून्य. शरीरातलं पाणी कमी झालं असेल तर सलाईन जीव वाचवतं, पण जेवणाची जागा घेत नाही. अशक्तपणासाठी सलाईन मागून घेऊ नका, पैसे वाचतील.

गळीत हंगामात उसाच्या ट्रॉलीला दुचाकी धडकून जबडा मोडलेले तरुण येतात. तारेने जबडा बांधला की चार-सहा आठवडे सगळं पातळच. अशा वेळी नुसत्या चहा-दुधावर भागत नाही. दिवसातून सहा-आठ वेळा द्यायचं, आंबिलीत पाण्याऐवजी दूध, पेजेत चमचाभर तूप किंवा तेल, डाळ शिजवून, घोटून, गाळून. दर आठवड्याला वजन करा. सारखं उतरत असेल तर डॉक्टरांना दाखवा.

मधुमेह्याने पातळ आहारावर असताना गोळी-इन्सुलिन किती घ्यायचं ते डॉक्टरांना विचारूनच ठरवावं, साखर एकदम उतरू शकते. किडनीच्या पेशंटला विचारल्याशिवाय नारळपाणी नको. त्यातलं पोटॅशियम हृदयावर येतं.

भूल द्यायच्या आधी उपाशी ठेवतात, तेव्हा मायेपोटी कुणीतरी घोटभर चहा पाजतं. दुधाचा चहा पोटाच्या दृष्टीने जेवणच. त्याला सहा तास लागतात. साधं पाणी बहुधा दोन तास आधीपर्यंत चालतं, पण शेवटचा शब्द भूलतज्ज्ञांचा. भुलेत उलटी होऊन फुफ्फुसात गेली तर जीव जातो. काही दिलं गेलं असेल तर लपवू नका, सांगा. ऑपरेशन पुढे ढकलता येतं.

लकव्याच्या पेशंटला पातळ सोपं पडेल असं वाटतं. उलट, गिळण्याची ताकद गेली असेल तर पाणीच सगळ्यात आधी श्वासनलिकेत उतरतं. गिळता येतं का, हे तपासल्याशिवाय तोंडात पाणीसुद्धा घालू नका.

आता जुलाब लागलेलं लेकरू. त्याला उपाशी ठेवू नका. अंगावरचं दूध चालू, नेहमीचं मऊ खाणं चालू आणि प्रत्येक जुलाबानंतर ओआरएस. 1971 मध्ये बांगलादेशच्या निर्वासितांत कॉलरा पसरला, तेव्हा बनगावच्या छावणीत सलाईन संपत आल्यावर डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर-मिठाचं हेच पाणी पाजून हजारोंना वाचवलं. मोठी पुडी एक लिटर स्वच्छ पाण्यात एकदमच विरघळवा. अर्धी पुडी, अर्धं पाणी असं नको. दोन वर्षांखालच्या बाळाला दर जुलाबामागे पाव ते अर्धा कप, चमच्याने. 24 तासांनी उरलेलं ओतून द्या. आशाताईंकडे पुडी आणि झिंकच्या गोळ्या मिळतात; जुलाब थांबले तरी गोळी 14 दिवस द्यायची. डोळे खोल गेले, लेकरू पीत नाही, सुस्त पडलं किंवा शीमध्ये रक्त दिसलं, तर घरी वाट न बघता दवाखाना गाठा आणि वाटेतही शुद्धीत असेल तर ओआरएस पाजत राहा.