सिलिंडर बंद केल्याने डिझेल वाचते काय?

धुळे, पारोळा, एरंडोल, जळगाव असे बाजार जुन्या गाडीने करणाऱ्या व्यापारी बांधवांना डिझेलचा खर्च जड जातो. अशा वेळी कोणी सुचवतो, "चारपैकी एका सिलिंडरचे डिझेल तोडा, पाव खर्च वाचेल." हा हिशेब चुकीचा आहे.

माल भरलेली गाडी ओढायला लागणारी ताकद कमी होत नाही. एक सिलिंडर बंद केला की तिचा भार उरलेल्या तिघांवर पडतो व त्यांना जास्त डिझेल लागते. बंद सिलिंडरचा पिस्टन तर वर-खाली होतच राहतो. तो घासतो, हवा ओढतो, दाबतो, बाहेर टाकतो. म्हणजे कमाई शून्य आणि खर्च चालू. ठोके असमान पडून इंजिन थरथरते. कार्बोरेटरच्या पेट्रोल गाडीत प्लगची वायर काढली, तर न जळलेले पेट्रोल सिलिंडरचे ऑइल धुते व सायलेन्सरमधून वाया जाते.

मोठ्या कंपन्यांनी हे काम वेगळ्या रीतीने केले. अमेरिकेच्या कॅडिलॅकने १९८१ साली आठ सिलिंडरच्या पेट्रोल इंजिनात दोन किंवा चार सिलिंडर बंद करण्याची सोय दिली. तक्रारी आल्याने बहुतेक मॉडेलांतून ती लगेच काढली. भारतात २०२१ साली आलेल्या स्कोडा कुशाक व फोक्सवॅगन टायगन यांच्या दीड लिटर पेट्रोल इंजिनात चारपैकी दोन सिलिंडर हलक्या भाराला थांबतात. त्या वेळी त्यांचे व्हॉल्व्हही मिटलेले राहतात. आत कोंडलेली हवा स्प्रिंगसारखी दबते व दाबाची ताकद बरीचशी परत देते. शिवाय पेट्रोल इंजिनात अर्धवट मिटलेल्या थ्रॉटलमधून हवा ओढताना वाया जाणारी ताकद वाचते. बहुतेक जुन्या डिझेल इंजिनांत असा थ्रॉटलच नसतो. मग फायदा कोठून येणार?

मिस्त्री नोझलचा पाइप थोडा ढिला करून पाहतो, ती तपासणी असते. ढिला करूनही आवाज बदलला नाही, तर तो सिलिंडर कमजोर समजावा. त्याची दुरुस्ती करावी.

खरी बचत नोझल, एअर फिल्टर, टायरची हवा आणि वेग यांत आहे. टाकी फुल करून निघावे, परतल्यावर पुन्हा फुल करावी. १८० किलोमीटरला १५ लिटर लागले, तर अ‍ॅव्हरेज १२. दर फेरीचा आकडा वहीत लिहावा. इस्राफ कोठे होतो, ते वही सांगेल.