मोटारीचा राखणदार

गावच्या पिठाच्या गिरणीवर सगळ्या गावची भाकरी चालते. गिरणीची मोटार जळली, की दळण बंद. बायामाणसांना डोक्यावर डबे घेऊन शेजारच्या गावी जावे लागते. मालकाला मोटारीत नवी तार भरून घ्यावी लागते. त्याचा खर्च थोडा नसतो.

मोटार का जळते? गाडीत फार भार घातला, तर बैल थांबतो. मोटारीला तसे थांबता येत नाही. भार वाढला, की ती विजेचा जास्त प्रवाह ओढते. प्रवाह अँपिअरमध्ये मोजतात. प्रवाह दुप्पट झाला, तर तारेतली उष्णता चौपट होते. मग तारेवरचे रोगण जळते आणि मोटार बसते.

म्हणून स्टार्टरच्या पेटीत एक राखणदार बसवलेला असतो. त्याला ओव्हरलोड रिले म्हणतात. लोहार गाडीच्या चाकावर धाव चढवतो, ते तुम्ही पाहिले असेल. तापली की धाव पसरते. रिलेत दोन निराळ्या धातूंच्या पट्ट्या एकमेकींना जोडलेल्या असतात. तापल्यावर एक जास्त पसरते, दुसरी कमी. त्यामुळे जोडपट्टी वाकते, खटका पडतो आणि मोटार बंद होते.

कोणी म्हणेल, फ्यूज आहे की! पण सुरू होताना मोटार क्षणभर पाच-सहा पट प्रवाह ओढते. तेवढा फ्यूजला सोसावाच लागतो. तारा एकमेकींना चिकटल्या, तर फ्यूज उडतो. वाढत्या भाराची राखण रिलेच करतो.

रिलेवर आकडे असतात आणि एक काटा असतो. काटा कोठे ठेवायचा? मोटारीवरची पाटी वाचा. समजा, 10 हॉर्सपॉवरच्या मोटारीवर 15 अँपिअर लिहिले आहे. स्टार्टर साधा असेल, तर काटा 15 वर हवा. स्टार-डेल्टा स्टार्टर असेल, तर रिलेतून बहुधा त्याच्या 58 टक्केच प्रवाह जातो. म्हणजे काटा 8.7 वर हवा. तेथे 15 वर ठेवला, तर राखणदार झोपलाच म्हणा! आपला स्टार्टर कोणता, ते वायरमनला विचारून घ्या.

मोटार वरचेवर बंद पडू लागली, की पुष्कळ लोक काटा वर सरकवतात. हे फार वाईट. कुत्रा भुंकतो म्हणून त्याचे तोंड बांधावे काय? चोर शोधावा. पट्टा फार ताणला आहे काय? जात्याची तळी फार आवळली आहे काय? बेअरिंग कोरडे पडले आहे काय? एक फेज गेली आहे काय? दोष काढा. पट्टी निवेपर्यंत पाच-दहा मिनिटे थांबा. मगच रिलेचे बटण दाबा.

फेज गेली आणि भार हलका असला, तर रिलेला ते कधी उशिरा कळते. त्यासाठी प्रिव्हेंटर वेगळा बसवावा.

पेटी स्वतः उघडू नका. मेन स्विच बंद करून वायरमनच काटा फिरवील. पण पाटीवरचा आकडा आता तुम्हाला वाचता येतो. तो वाचा आणि काटा बरोबर आहे ना, ते त्याला विचारा.

प्रश्न
1. रिलेतील पट्टी का वाकते?
2. फ्यूज असूनही रिले का लागतो?
3. तुमच्या गावच्या गिरणीच्या मोटारीवर किती अँपिअर लिहिले आहेत? पाहून वहीत लिहा.