मोटारीचे कर्ज : मुदतीआधी मोकळे होताना



नांदेड असो वा लातूर, आज आपल्यापैकी पुष्कळांच्या दुकानापुढे हप्त्याची गाडी उभी आहे. कोणाची घरची मोटार, कोणाचा माल वाहणारा छोटा टेम्पो. आठवडी बाजार करणारा कापडवाला, फर्निचरचा कारागीर, मंडप डेकोरेशनवाला, यांचे गाडीवाचून भागत नाही आणि रोखीने गाडी घेण्याची ऐपत थोड्यांचीच असते. कर्ज घेताना वीस-पंचवीस कागदांवर सह्या होतात. त्यातला एकही कागद आपण वाचत नाही. वाचण्याची वेळ येते ती त्या करारातून बाहेर पडायचे ठरते तेव्हा.

बाहेर पडण्याची कारणे दोन प्रकारची असतात. काहींकडे पैसा आलेला असतो. लग्नसराईचा हंगाम चांगला जातो, प्लॉट विकला जातो आणि व्याजाच्या व्यवहारातून एकदाचे मोकळे व्हावे असे वाटते. काहींकडे पैसा उरलेला नसतो. धंदा बसतो आणि हप्ता झेपत नाही. दोघांच्या वाटा वेगळ्या आहेत, पण दोघांनाही एकच गोष्ट सांभाळायची आहे. गाडी हातातून गेली म्हणजे कर्ज गेले असे नाही, आणि पैसे भरले म्हणजे बोजा उतरला असेही नाही. कर्जखाते बंद झाले आणि नोंदणीच्या कागदावरून बोजा निघाला, तेव्हाच सुटका झाली असे समजावे.

पैसे असतील तर : आधी हिशेब

उरलेल्या हप्त्यांची बेरीज म्हणजे आपले देणे, अशी अनेकांची समजूत असते. ती चुकीची आहे. आज फेडायचे असेल तर देणे असते ते उरलेल्या मुद्दलाचे, शिवाय त्या दिवसापर्यंतचे व्याज आणि करारात असेल तो मुदतपूर्व फेडीचा आकार. पुढच्या महिन्यांचे व्याज आपण द्यायचे नसते.

एक उदाहरण घेऊ. समजा, उदगीरच्या एका रेडिमेडवाल्याने ६ लाख रुपये घटत्या शिलकेवर १० टक्के व्याजाने ५ वर्षांसाठी घेतले. हप्ता बसतो सुमारे १२,७४८ रुपये. पाच वर्षांत एकूण व्याज जाते सुमारे १ लाख ६५ हजार. यापैकी ५५,६०० रुपये, म्हणजे तिसऱ्या हिश्शापेक्षा थोडे अधिक, पहिल्या वर्षातच वसूल होतात. कारण व्याज शिलकेवर लागते आणि सुरुवातीला शिल्लक मोठी असते.

आता समजा, करारात मुदतपूर्व फेडीचा आकार उरलेल्या मुद्दलाच्या ५ टक्के आहे आणि त्यावर १८ टक्के जीएसटी आहे. म्हणजे शंभराला ५ रुपये ९० पैसे. मग हिशेब असा होतो :

१ वर्षानंतर : मुद्दल बाकी ५,०२,६०० रुपये; पुढचे वाचणारे व्याज १,०९,३०० रुपये; आकार २९,७०० रुपये; निव्वळ फायदा सुमारे ७९,६०० रुपये.

२ वर्षांनंतर : मुद्दल बाकी ३,९५,१०० रुपये, वाचणारे व्याज ६३,९०० रुपये, आकार २३,३०० रुपये, फायदा सुमारे ४०,५०० रुपये.

३ वर्षांनंतर : मुद्दल बाकी २,७६,३०० रुपये, वाचणारे व्याज २९,७०० रुपये, आकार १६,३०० रुपये, फायदा सुमारे १३,४०० रुपये.

४ वर्षांनंतर : मुद्दल बाकी १,४५,००० रुपये, वाचणारे व्याज ८,००० रुपये, आकार ८,५५० रुपये, इथे सुमारे साडेपाचशे रुपयांचा तोटाच होतो.

यावरून ध्यानात येईल की लवकर फेडीचा लाभ पहिल्या दोन-तीन वर्षांत असतो. शेवटच्या वर्षी आकार भरून कर्ज बंद करण्यात पैशाचा फायदा नसतो. व्याजातून एक दिवसही आधी सुटावे असे ज्याला मनापासून वाटते त्याने जरूर सुटावे, परंतु किंमत माहीत असून सुटावे.

इथे आणखी एक गोष्ट व्यापाऱ्याने पाहिली पाहिजे. वाचणारे ७९ हजार उद्या गल्ल्यात पडत नाहीत, ते पुढच्या चार वर्षांत महिन्या-महिन्याने वाचतात. पण पाच लाख मात्र आजच जातात. ईद किंवा दिवाळीच्या तोंडावर सगळी रोकड कर्जात घातली आणि मग सुरतचा, मालेगावचा माल उधारीवर चढ्या भावाने उचलावा लागला, तर एका हाताने वाचवलेले दुसऱ्या हाताने गेले. हंगामाची खरेदी बाजूला काढून जे उरेल त्यातून फेड करावी. पूर्ण फेड जमत नसेल तर करारात अंशतः फेडीची सोय आहे का ते पाहावे. ती असल्यास हप्ता तेवढाच ठेवून मुदत कमी करून घ्यावी, म्हणजे व्याज अधिक वाचते.

'फ्लॅट' दराचा फसवा आकडा

काही ठिकाणी दर 'फ्लॅट' सांगतात. ७ टक्के फ्लॅट ऐकायला गोड वाटते. पण ६ लाखांवर ५ वर्षे ७ टक्के धरले तर व्याज २ लाख १० हजार आणि हप्ता १३,५०० होतो. मुद्दल दरमहा फिटत असताना व्याज मात्र पहिल्या दिवसाच्या पूर्ण रकमेवर मोजलेले असते. घटत्या शिलकेवर हाच दर सुमारे साडेबारा टक्के पडतो. वर दिलेले १० टक्क्यांचे कर्ज याहून स्वस्त आहे.

हे कळण्यासाठी आता एक कागद मिळतो. १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नव्या किरकोळ आणि लघुउद्योगांच्या मुदत कर्जांसाठी बँका व फायनान्स कंपन्यांनी 'की फॅक्ट्स स्टेटमेंट', म्हणजे कर्जाच्या मुख्य अटींचा तक्ता, कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत दिला पाहिजे, असा रिझर्व्ह बँकेचा आदेश आहे. त्यात सर्व खर्चासह वार्षिक दर आणि हप्त्यांचे वेळापत्रक असते. त्यात न लिहिलेला आकार कर्जदाराच्या स्पष्ट संमतीवाचून लावता येत नाही. हा तक्ता मराठीत मागा. ऊर्दू माध्यमात शिकलेल्या आपल्यासारख्यांना इंग्रजी करार वाचून सही करता येत नाही, यात लाजण्यासारखे काही नाही. न वाचता सही करणे मात्र महागात पडते.

आकार कोणाला माफ?

रिझर्व्ह बँकेने २ जुलै २०२५ रोजी याविषयी निर्देश काढले. १ जानेवारी २०२६ पासून मंजूर किंवा नूतनीकरण झालेल्या कर्जांना ते लागू आहेत. त्यांचा सारांश असा :

पहिले, ही सवलत बदलत्या, म्हणजे फ्लोटिंग दराच्या कर्जांना आहे. स्थिर दराच्या कर्जाला नाही. गाडीची पुष्कळ कर्जे स्थिर दराची असतात, तेव्हा आपला दर कोणता हे आधी पाहा.

दुसरे, व्यक्तीने धंद्याव्यतिरिक्त कारणासाठी, उदाहरणार्थ घरच्या मोटारीसाठी, घेतलेल्या बदलत्या दराच्या कर्जावर मुदतपूर्व फेडीचा आकार घेता येत नाही. अशा वैयक्तिक कर्जांना ही सूट २०१४ पासूनच आहे.

तिसरे, धंद्यासाठी व्यक्तीने किंवा सूक्ष्म व लघु उद्योगाने घेतलेल्या बदलत्या दराच्या कर्जावर व्यापारी बँका आकार घेऊ शकत नाहीत. ग्रामीण बँका, स्मॉल फायनान्स बँका, जिल्हा मध्यवर्ती बँका आणि मध्यम दर्जाच्या फायनान्स कंपन्या यांना मंजूर रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तेथे ही मनाई आहे. आपले टेम्पो या मर्यादेत सहज बसतात. लहान नागरी सहकारी बँका व लहान फायनान्स कंपन्यांवर मात्र धंद्याच्या कर्जाबाबत ही सक्ती नाही.

चौथे, पैसा कोठून आणला हे विचारून अडवता येत नाही आणि अमुक महिने थांबाच अशी अटही या सवलतीत घालता येत नाही.

आपल्या भागात पतसंस्थांचे कर्जही खूप असते. पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखाली नाहीत, त्या सहकार कायद्याखाली चालतात. तिथे करार काय म्हणतो तेच पाहावे.

पैसे नसतील तर : तीन वाटा, एक खड्डा

आता ज्याचा हप्ता थकू लागला आहे त्याचे पाहू. परदेशातले नातलग सांगतात की गाडी कंपनीला परत केली की झाले. ब्रिटनमध्ये १९७४ च्या ग्राहक पतपुरवठा कायद्याखाली तशी सोय आहे : हप्तेबंदीच्या करारातल्या एकूण किमतीचा अर्धा भाग दिला की गाडी परत करून मोकळे होता येते. आपल्याकडे १९७२ साली हायर परचेस कायदा संमत झाला होता. त्यात घेणाऱ्याला करार मुदतीआधी संपवण्याचा हक्क दिलेला होता. पण तो कायदा कधी अमलातच आला नाही आणि २००५ साली रद्द झाला. आज आपल्याकडे गाडी परत करणे म्हणजे कर्ज फिटणे नव्हे. कंपनी गाडी लिलावात विकते, आलेली रक्कम वजा करते आणि उरलेली बाकी आपल्याकडे मागते. ती बाकी जामीनदाराकडेही मागता येते, कारण १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. आपल्या शब्दावर सही करणाऱ्या भावाची, मेहुण्याची अब्रू त्यात गुंतलेली असते, हे विसरू नये.

म्हणून पहिली वाट अशी : हप्ता चुकण्याआधीच शाखेत जाऊन मुदत वाढवून हप्ता कमी करण्याची लेखी मागणी करावी.

दुसरी वाट : गाडी आपल्या ताब्यात असतानाच स्वतः गिऱ्हाईक शोधावे. कंपनीकडून 'फोरक्लोजर स्टेटमेंट', म्हणजे त्या तारखेपर्यंतच्या देण्याचा लेखी आकडा घ्यावा. गिऱ्हाईकाने तेवढी रक्कम थेट आपल्या कर्जखात्यात भरावी आणि वरचे पैसे आपल्याला द्यावेत. लिलावापेक्षा भाव साधारणपणे चांगला मिळतो.

तिसरी वाट : कंपनीच्या लेखी संमतीने कर्ज व गाडी दोन्ही नव्या माणसाच्या नावावर करावी. फक्त कर्ज किंवा फक्त गाडी नव्हे.

आणि खड्डा कोणता? "गाडी तू चालव, पुढचे हप्ते तू भर", असे म्हणून स्टॅम्पपेपरवर लिहून गाडी दुसऱ्याच्या हवाली करणे. हा रिवाज आपल्याकडे फार आहे. परंतु कंपनीच्या वहीत कर्जदार आपणच राहतो आणि आरटीओच्या नोंदीत मालकही आपणच. सर्वोच्च न्यायालयाने ६ फेब्रुवारी २०१८ रोजी नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात हेच स्पष्ट केले. गाडी विकून एकामागून एक हातांत गेली होती, नंतर अपघात झाला. न्यायालय म्हणाले की नोंदणी ज्याच्या नावावर आहे तोच कायद्याने मालक आणि भरपाईची जबाबदारी त्याची. म्हणजे हप्ता दुसऱ्याने चुकवला तर नोटीस आपल्याला आणि अपघात दुसऱ्याने केला तरी दावा आपल्यावर. ओळखीचा, नात्यातला माणूस आहे म्हणून कागद टाळू नका. नाते टिकवायचे असेल तर कागद आधी करा.

थकबाकी झालीच तर घाबरून गाडी लपवू नये आणि धाकदपटशालाही बळी पडू नये. गुंड पाठवून गाड्या ओढून नेणे बेकायदेशीर आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली आयसीआयसीआय बँक विरुद्ध प्रकाश कौर या खटल्यात सांगितले आहे. शिवाय तडजोडीने रक्कम कमी करून घेतली तर पतअहवालात 'क्लोज्ड'ऐवजी 'सेटल्ड' अशी नोंद होते. पुढचे कर्ज मिळताना ती नडते.

शेवटचा टप्पा : बेबाकी आणि बोजा

रक्कम भरल्यावर पुढील कामे एका दमात करावीत :

१. खाते बंद झाल्याचे पत्र, म्हणजे बेबाकी दाखला, आणि एनओसी घ्यावी. एनओसीवर मुदत असेल तर ती पाहावी.

२. फॉर्म ३५ वर कंपनीची सही-शिक्का घ्यावा, आपलीही सही करावी. करार संपल्याची हीच नोंद असते.

३. आरसी, विमा, पीयूसी यांसह परिवहनच्या 'वाहन' संकेतस्थळावर अर्ज करून, फी भरून, आपल्या आरटीओत बोजा उतरवून घ्यावा. नांदेडच्या एमएच २६ गाड्यांचे काम नांदेडला, लातूरच्या एमएच २४ गाड्यांचे लातूरला.

४. विमा पॉलिसीवरून कंपनीचे नाव काढून घ्यावे.

५. दिलेले कोरे धनादेश परत घ्यावेत आणि बँकेतली हप्ता कापण्याची परवानगी रद्द करावी.

घरच्या गाडीसारख्या वैयक्तिक कर्जात पूर्ण फेडीनंतर ३० दिवसांत मूळ कागद परत देऊन बोजा काढणे कंपनीवर बंधनकारक आहे. तिच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते. रिझर्व्ह बँकेचा हा नियम १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे.

आकार चुकीचा लावला किंवा कागद अडवले तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी व पोच घ्यावी. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य तक्रार करता येते. जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्गही खुला आहे.

बंधूंनो, थानातून कापड फाडण्याआधी आपण दोनदा मोजतो. या कामातही तेच करावे. आज घरी जाऊन कर्जाची फाईल उघडा आणि तीन गोष्टी एका चिठ्ठीवर लिहा : दर स्थिर आहे की बदलता, मुदतपूर्व आकार किती, आणि आजची मुद्दल बाकी किती. फाईल घरात नसेल तर कराराची प्रत आणि खात्याचा उतारा कंपनीकडे लेखी मागा. या तीन आकड्यांवाचून लवकर फेडीचा निर्णय घेऊ नये.