गाळा भाड्याचा, पाटी आपली

वेबसाइटच्या धंद्यात उतरलायस तर चार गोष्टी आत्ताच कानात घालतो. वेबसाइट बांधायला कुठलं ॲप सगळ्यात भारी, ते मला विचारू नको. त्याचं उत्तर दर दोन-तीन वर्षांनी बदलतं. ॲप बदलायची पाळी आली की हातात काय ठेवायचं आणि कुणाला धरून राहायचं, तेवढं ऐक.

आपल्या जयसिंगपुरात पत्ता नंबरावर चालतो. चौथ्या गल्लीतल्या भाड्याच्या गाळ्यातून दुकान अकराव्या गल्लीत न्यायचं झालं तर व्यापारी काय करतो? पाटी उतरवून सोबत नेतो, माल मोजून नेतो आणि जुन्या शटरवर नव्या पत्त्याचा कागद चिकटवतो. वेबसाइट हलवतानाही हीच तीन कामं. पाटी म्हणजे डोमेन, माल म्हणजे मजकूर आणि फोटो, कागद म्हणजे रीडायरेक्ट.

पाटी गिऱ्हाइकाच्या नावावर

डोमेन कधीही तुझ्या नावावर घेऊ नको आणि ॲपवाल्याच्या ‘पहिलं वर्ष फुकट’ला भुलू नको. मालकाचं नाव, मोबाइल आणि ईमेल गिऱ्हाइकाचाच असला पाहिजे. बरेच जण समजतात की ॲप बदललं की डोमेनही दुसऱ्या कंपनीकडे न्यावं लागतं. काही गरज नाही. डोमेन आहे तिथंच राहतं, आत डीएनएसच्या ओळी तेवढ्या बदलतात. उलट डॉट कॉम नवा घेतला असेल तर पहिले ६० दिवस तो दुसऱ्या रजिस्ट्रारकडे हलतच नाही.

त्या ओळींना हात लावायच्या आधी सगळ्या पानाचा फोटो काढून ठेव. वेबसाइट कुठं आहे ते ‘ए’ ओळ सांगते, ईमेल कुठं पोचवायची ते ‘एमएक्स’ सांगते. नवं ॲप म्हणेल, नेमसर्व्हरच बदला, म्हणजे या ओळी ठेवायची जागाच. तसं केलंस आणि एमएक्सच्या ओळी नव्या जागी लिहायच्या राहिल्या, तर साइट झकास दिसेल आणि गिऱ्हाइकाच्या ऑर्डरींच्या ईमेल मात्र बंद पडतील. आदल्या दिवशी टीटीएल, म्हणजे जुनी ओळ किती वेळ धरून ठेवायची तो आकडा, ३०० सेकंदांवर आणून ठेव, म्हणजे बदल लवकर पसरतो आणि काही बिघडलं तर माघारीही लवकर येता येतं.

आत शिरताना बाहेरचं दार बघ

नवं ॲप घेतलं की सगळे टेम्प्लेट बघत बसतात. तू आधी एक्सपोर्टचं बटण शोध. नमुन्याची तीन पानं कर, ती बाहेर काढ आणि फाइल उघडून बघ. ब्लॉगर आणि वर्डप्रेस सगळ्या लेखांची एक्सएमएल फाइल देतात. स्क्वेअरस्पेस काही पानं देतं, काही नाही. विक्सवर बांधलेली साइट उचलून दुसरीकडे चालवता येत नाही. तिथून मजकूर हातानं काढावा लागतो. विक्स घेऊच नको असं नाही, पण हे गिऱ्हाइकाला पहिल्या दिवशी सांग.

मोठं नाव म्हणजे कायमचं, असंही धरू नको. याहूनं जिओसिटीज ऑक्टोबर २००९ मध्ये बंद केलं. ॲपलच्या आयवेबवर बांधलेल्या साइट जिच्यावर असायच्या, ती मोबाइलमी सेवा ३० जून २०१२ ला संपली. ॲडोबीनं म्यूजचं काम थांबवल्याचं मार्च २०१८ मध्ये जाहीर केलं आणि दोन वर्षांनी मदतही बंद केली. गुगलनं छोट्या दुकानदारांना बिझनेस प्रोफाइलवरून फुकट वेबसाइट दिल्या होत्या, त्या मार्च २०२४ मध्ये बंद झाल्या आणि जुना पत्ता १० जूनपर्यंतच प्रोफाइलकडे वळत राहिला. ज्यांनी व्हिजिटिंग कार्डावर तो पत्ता छापला होता, त्यांची कार्डं वाया गेली. ज्यांचं स्वतःचं डोमेन होतं, त्यांना नुसतं ॲप बदलावं लागलं.

मराठी माल निवडून घे

इंग्रजी साइट हलवणाऱ्याला ही कटकट माहीतच नसते. जुन्या संस्थांचे अहवाल, स्मरणिका श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये टाइप केलेल्या असतात. तो मजकूर ब्राउझरमध्ये चिकटवला की डॉलर, अंडरस्कोर आणि रोमन अक्षरांची खिचडी दिसते. आधी तो युनिकोडमध्ये आण. नंतर रफार आणि ‘ऱ्या’ डोळ्यांत तेल घालून तपास. काही जुन्या मजकुरात हा ‘ऱ्या’ न दिसणारं जोडचिन्ह घालून टाइप केलेला असतो. आयात होताना ते चिन्ह गळलं की ‘दुसऱ्या’चं ‘दुसर्या’ होतं. साधा शोध देऊन सगळी ठिकाणं काढ.

पत्त्यांचंही तसंच. ब्लॉगरवर मराठी मथळा दिला की पत्त्यात मथळा येत नाही, नुसतं ‘ब्लॉग-पोस्ट’ आणि पुढं आकडा येतो. वर्डप्रेस मराठी पत्ता घेतं, पण आतमध्ये देवनागरीच्या एकेका चिन्हाला नऊ खुणा लागतात आणि पत्त्याची मर्यादा २०० खुणांची. काना, मात्रा, वेलांटी वेगळी मोजली जाते, म्हणजे बाविसाव्या चिन्हाच्या आसपास पत्ता मध्येच तुटतो. म्हणून पानाचं नाव मराठीत ठेव आणि पत्ता दोन-तीन रोमन शब्दांत.

शटरवरचा कागद

एक्सेलचं पान उघड. डावीकडं प्रत्येक जुना पत्ता, उजवीकडं नवा. मग ३०१ रीडायरेक्ट लाव. सगळे पत्ते उचलून मुखपृष्ठावर ढकलायचा आळस करू नको; हळदीचा भाव बघायला आलेल्या माणसाला मुखपृष्ठ दाखवून काय उपयोग? नवी साइट सुरू झाली की त्या यादीतला एकेक पत्ता मोबाइलवर उघडून बघ. चौकशीचा फॉर्म स्वतः भर आणि व्हॉट्सॲपचं बटण दाबून मेसेज कुणाला जातो तेही बघ.

ॲप बदलतं तेव्हा माणसंही बदलतात

सगळ्यात महत्त्वाचं हे. रात्री दहाला साइट पडली की तुला उत्तर ॲप देत नाही, ते वापरणारी माणसं देतात. म्हणून ॲप निवडताना त्यांच्या ग्रुपमध्ये आठवडाभर गुपचूप बसून बघ. नवख्याच्या प्रश्नाला उत्तर येतं का? की ‘आधी शोधून या’ म्हणून हाकलतात? एक गोष्ट ध्यानात ठेव: जो ॲपची सगळ्यात जास्त आरती करतो, तो बहुतेक वेळा त्याची टेम्प्लेटं विकतो किंवा त्याला लिंकमागं कमिशन मिळतं. ज्याला त्या ॲपच्या उणिवा शांतपणे सांगता येतात, त्याच्याशी ओळख वाढव.

वर्डप्रेसची माणसं सगळ्यांत जास्त आणि ती आपल्याकडंही आहेत. वर्डकॅम्प पुण्या-मुंबईत झाले, मराठी भाषांतर स्वयंसेवकांनी केलं. पण तिथंही सगळं गोडच असतं असं नाही. डिसेंबर २०१८ मध्ये नवा ब्लॉक एडिटर आला, त्या सुमारास काही जण क्लासिकप्रेस घेऊन वेगळे झाले. सप्टेंबर २०२४ मध्ये वर्डप्रेसचा सहसंस्थापक मॅट मुलेनवेग आणि डब्ल्यूपी इंजिन या होस्टिंग कंपनीचं जुंपलं, तेव्हा त्या होस्टिंगवरच्या साइटची अपडेट अडकली. भांडण मोठ्यांचं, खोळंबा गिऱ्हाइकाचा. म्हणून अपडेट एका जागी अडली तर दुसरीकडून कशी घ्यायची, तेवढं शिकून ठेव.

नव्या ठिकाणी गेलास की ‘आमच्या जुन्या ॲपमध्ये हे असं होतं’ हे वाक्य गिळ. प्रश्न विचारताना आवृत्ती, होस्टिंग, काय केलं आणि काय दिसलं ते लिही. पासवर्ड आणि ओटीपी मदत करणाऱ्यालाही द्यायचा नाही. उत्तर सापडलं की परत जाऊन लिही, कुणाला तरी ते पुढं लागतं. आणि जुन्या मंडळींशी उगाच तोडू नको. तुझी निम्मी गिऱ्हाइकं अजून वर्षभर तरी जुन्याच ॲपवर असतील. १९९६ पासून चालणाऱ्या मायबोली या मराठी साइटचं बघ. त्यांनी पुढं युनिकोड आणि द्रुपल घेतलं, पण गप्पा-चर्चांचं जुनं ‘हितगुज’ वाचायला ठेवलं. लोकांनी वर्षानुवर्षं लिहिलेलं जागेवर राहिलं की लोकही राहतात.

हंगाम बघून हलव

नृसिंहवाडीच्या पेढेवाल्याची साइट दत्तजयंतीच्या तोंडावर हलवायची नाही. खत-बियाणांच्या दुकानाची जूनमध्ये नाही. शुक्रवारी संध्याकाळी तर कुणाचीच नाही, कारण शनिवारी मदत मिळेलच असं नाही. आणि आपल्या शिरोळ तालुक्यात बॅकअपची हार्डडिस्क दुकानातच ठेवायची नाही. २००५, २०१९, २०२१ या तिन्ही महापुरांत इथली कित्येक गावं पाण्याखाली गेली. एक प्रत क्लाउडवर, एक दुसऱ्या गावातल्या पाहुण्यांकडं.

काम झालं की गिऱ्हाइकाच्या हातात एक छापील कागद दे: डोमेन कुठं, होस्टिंग कुठं, नूतनीकरण कोणत्या महिन्यात, बॅकअप कुठं, रीडायरेक्टची यादी कुठं. उद्या त्याला तुला सोडून इचलकरंजीच्या पोराकडं जायचं झालं तरी त्या कागदावर जाता आलं पाहिजे. ॲपकडून जी मोकळीक मागतोस, ती गिऱ्हाइकाला तूही द्यायची. मग बहुतेक जण कुठं जातही नाहीत, आणि गेले तरी चार माणसांत तुझं नाव चांगलंच घेतात.