अपघातग्रस्त मोटार : दुरुस्ती की मोडीत?

पेडण्यातील राष्ट्रीय महामार्ग ६६ वर वा डिचोलीच्या खाणपट्ट्यात मोटारीस अपघात झाला, की मालकाची नजर प्रथम चेपलेल्या पत्र्याकडे जाते. वास्तविक पत्रा सरळ होतो. पाहावयाचा तो सांगाडा. तो वाकला असल्यास चाके रेषेत राहत नाहीत. सर्वंकष विमापत्रातील घोषित मूल्य ४ लक्ष रुपये असून दुरुस्तीखर्च ३ लक्षांवर, म्हणजे ७५ टक्क्यांवर गेला, तर गाडी पूर्ण हानीत धरतात. तथापि सर्वेक्षकाच्या पाहणीपूर्वी एकही भाग काढू नये. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५५ नुसार कायमची निकामी झालेली गाडी १४ दिवसांत नोंदणी प्राधिकाऱ्यास कळवून नोंदणी प्रमाणपत्र परत करावयाचे असते. हे बहुधा राहूनच जाते. मग मोडीतल्या गाडीचा क्रमांक भलत्याच गाडीवर आढळल्यास प्रथम विचारणा होते ती कागदोपत्री मालकाकडे.