नवागताचे हैदराबाद

नोकरीनिमित्त वा शिक्षणासाठी आपल्या शहरात येणाऱ्या मराठी मंडळींचा ओघ फार जुना आहे. फरक पडला आहे तो उतरण्याच्या जागेत. आजोबांच्या पिढीतला मनुष्य नांदेड-परभणीकडून येऊन काचीगुडा स्टेशनवर उतरे, टांगा करी आणि सुलतान बाजाराच्या आसपास कोणा नातलगाच्या घरी वळकटी टाकी. दुसऱ्या दिवसापासूनच शहराची बोली त्याच्या कानावर पडू लागे. आजचा तरुण गच्चीबावलीस किंवा माधापुरास विसाव्या मजल्यावर उतरतो. जेवण दारात येते, मोटार दारात येते, आणि वर्ष उलटून गेले तरी मुसी नदीवरचा एकही पूल त्याने पायी ओलांडलेला नसतो.

अशा घरांतील मुले आम्ही शिकवितो. त्यांना गाव विचारले तर ती आईवडिलांच्या गावाचे नाव सांगतात. त्या गावची बोली मात्र त्यांना येत नाही. ज्या गावात ती वाढली तेथील बोलीही येत नाही. मुलांचा यात काही दोष नाही. परंतु दोन्हीकडून परकी राहिलेली ही मुले पाहिली की शिक्षकाच्या जिवाला बरे वाटत नाही. म्हणून ट्रस्टच्या सभासद कुटुंबांपुढे, आणि त्यांच्याकडे येणाऱ्या नव्या पाहुण्यांपुढे, या शहराचा एक छोटासा पाठ ठेवावा असे आम्ही योजिले आहे. मराठी माणसाला हैदराबाद मुळाक्षरांपासून शिकावे लागत नाही, निम्मा धडा त्याला घरूनच आलेला असतो, हे त्यात दाखवावयाचे आहे.

आधी नदी ध्यानात घ्यावी. मुसी पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहते. तिच्या दक्षिणेस मुहम्मद कुली कुतुबशहाने वसविलेले जुने शहर. त्याच्या मध्यभागी १५९१ सालचा चारमिनार. नदीवरचा जुना पूल १५७८ चा, म्हणजे शहराहून तेरा वर्षांनी वडील! पूल अगोदर आणि शहर मागाहून हे ऐकून मुलांना गंमत वाटते. पण गोवळकोंड्याचा किल्ला पश्चिमेस आधीपासूनच नांदत होता व तेथील वस्ती नदीपलीकडे पसरू लागली होती, हे सांगितले की उलगडा होतो. २८ सप्टेंबर १९०८ रोजी या नदीला महापूर आला आणि हजारो माणसे बुडाली. अफजलगंजच्या सरकारी दवाखान्याच्या आवारातील चिंचेच्या झाडावर चढून सुमारे दीडशे जीव वाचले. ते झाड अवश्य पाहावे. पुरानंतर सर विश्वेश्वरय्यांना पाचारण करण्यात आले. वरच्या अंगाला जलाशय बांधून पाणी अडवावे असा त्यांनी सल्ला दिला, आणि त्यातून १९२० साली उस्मानसागर व १९२७ साली हिमायतसागर पुरे झाले. पुराचा बंदोबस्त करता करता शहराच्या पिण्याच्या पाण्याचीही सोय झाली.

आता प्रवास. २९ नोव्हेंबर २०१७ रोजी मेट्रो लोकांसाठी सुरू झाली आणि फेब्रुवारी २०२० पर्यंत तिचे तीन मार्ग मिळून सुमारे ६९ किलोमीटर झाले. पश्चिमेकडे राहणाऱ्याने रायदुर्गला बसावे, अमीरपेठला गाडी बदलावी आणि महात्मा गांधी बस स्थानकापाशी उतरावे. या जागेचे जुने नाव इमलीबन. बन म्हणजे काय, हे मराठी माणसास कोणी सांगावयास नको. येथून पुढे जुन्या शहरात मेट्रो अद्याप गेलेली नाही. आमच्या मते नवागताच्या दृष्टीने हे एका परीने बरेच आहे, कारण त्यामुळे त्याला चालावे लागते.

बसचाही कंटाळा करू नये. निजामाच्या रेल्वे खात्याने १९३२ साली २७ गाड्यांनिशी येथील बससेवा सुरू केली होती. आजची राज्य परिवहन सेवा त्याच रोपट्याची वाढ. तेलंगणातील रहिवासी महिलांना ९ डिसेंबर २०२३ पासून साध्या व एक्स्प्रेस बसमधून विनामूल्य प्रवास करता येतो; मात्र ओळखपत्रावर येथील पत्ता हवा. म्हणून नव्याने आलेल्या भगिनींनी पत्ता बदलून घेण्याचे काम लांबणीवर टाकू नये. बसमध्ये तीन तेलुगू शब्द पुरतात: ‘एक्कडा’ म्हणजे कोठे, ‘एंता’ म्हणजे किती, ‘दिगाली’ म्हणजे उतरायचे आहे. वाहकास ‘अण्णा’ म्हणावे, वाहक बाई असल्यास ‘अक्का’. हे दोन्ही शब्द आपल्या घरात आहेतच. एक सावधगिरी मात्र बाळगावी. तेलुगूत ‘चालु’ म्हणजे पुरे. खाणावळीत सांबार वाढणाऱ्याला ‘चालू द्या’ म्हटले तर तो पळी मागे घेईल!

इमलीबनापासून चारमिनारपर्यंतची वाट सुमारे दोन किलोमीटरांची. अफजलगंज, नया पूल, मदिना चौक, मग पत्थरगट्टीच्या दगडी कमानी. नया पुलाच्या पलीकडे डाव्या हातास सालारजंग वस्तुसंग्रहालय लागते. ते १९५१ साली सुरू झाले, सध्याच्या इमारतीत १९६८ साली आले, आणि शुक्रवारी बंद असते. तेथील घड्याळाचे टोले ऐकण्यास दर तासाला मुले-माणसे जमतात. त्या गर्दीत उभे राहावे, शहर एका ठिकाणी पाहावयास मिळते.

जुन्या शहरात जाऊ नये, असे नवागतास पहिल्या आठवड्यातच कोणीतरी सांगते. सांगणाऱ्यास आम्ही नेहमी एकच विचारतो, की आपण स्वतः कधी गेला होता? बहुधा उत्तर येत नाही. गर्दीत पाकीट सांभाळावे, रस्ता ओलांडताना मुलांचा हात धरावा. एवढी काळजी कोणत्याही शहराच्या बाजारपेठेत घ्यावीच लागते. लाड बाजारात लाखेच्या बांगड्या भट्टीजवळ बसून घडवितात व त्यांवर खडे बसवितात. आपल्या आयाबाया पिढ्यान् पिढ्या तेथून बांगड्या भरून आलेल्या आहेत.

खाण्याविषयी बोलू लागले की बिर्याणीचे नाव प्रथम निघते. येथील बिर्याणी कच्च्या गोश्ताची: मसाल्यात मुरवलेले कच्चे मांस खाली, अर्धवट शिजलेला तांदूळ वर, झाकणाला कणकेची वळी लावून मंद आचेवर दम. तिची कीर्ती आहेच. परंतु मराठी पाहुण्यास आम्ही प्रथम तिच्या सोबतचे ‘मिरची का सालन’ आणि ‘बघारे बैंगन’ चाखावयास सांगतो. शेंगदाणे, तीळ, सुके खोबरे आणि चिंचेचा कोळ, हे वाटण कोठले, ते मराठवाड्यातील सुगरणीने पहिल्याच घासाला ओळखावे. आपल्या भरल्या वांग्यांची ही सख्खी बहीण आहे. शाकाहारी कुटुंबांचीही येथे मुळीच अडचण होत नाही. तेलुगू घरची ‘गोंगुरा’ ही आपली अंबाडी, आणि संध्याकाळी रस्त्याच्या कडेला थापून भाजतात ती ‘जोन्ना रोट्टे’ म्हणजे ज्वारीची भाकरी. घरची आठवण येऊन व्याकूळ झालेल्या विद्यार्थ्यास या भाकरीचा पत्ता द्यावा.

इराणी चहाची रीत निराळी. चहाचा अर्क झाकलेल्या भांड्यात दमावर ठेवतात, दूध वेगळे आटवितात, आणि पेल्यात दोन्ही एकत्र करतात. सोबत गोडसर-खारट उस्मानिया बिस्कीट. चहा पिऊन लगेच उठण्याची घाई नसावी. इराण्याच्या हॉटेलात चहापेक्षा बसणे महत्त्वाचे. रमजानच्या महिन्यात संध्याकाळनंतर जागोजाग हलीमच्या भट्ट्या लागतात. गहू, मांस आणि डाळी तासन् तास शिजवून लाकडी घोटणीने एकजीव करतात. मूळ पदार्थ अरबांचा ‘हरीस’. निजामाच्या पदरी असलेल्या हद्रामी अरब शिपायांचे वंशज बारकस भागात आजही राहतात, आणि ‘बारकस’ हे नाव तरी काय, ‘बराक’ या इंग्रजी शब्दाचेच रूप. हैदराबादी हलीमला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळाले. आमच्याकडे इफ्तारला येणाऱ्या शाकाहारी शेजाऱ्यांसाठी फळे आणि ‘खुबानी का मीठा’ वेगळा काढून ठेवलेला असतो. तेव्हा आमंत्रण आले तर संकोचाने नाकारू नये.

आता मुख्य गोष्ट, येथील बोली. हैदराबादी मनुष्य नकार देतो तो ‘नक्को’ म्हणून. हा शब्द आपला ‘नको’ आहे. तो ‘मैंइच’, ‘वोइच’, ‘ऐसाइच’ म्हणतो. त्यातील ‘च’ हा आपला जोर देणारा ‘च’ आहे. उत्तरेकडील उर्दूत या जागी ‘ही’ येते. त्याचे ‘हौ’ आपल्या ‘हो’ला जवळचे वाटते. (‘परसों’ मात्र जपून घ्यावे, येथे परसोंची गोष्ट सहा महिन्यांपूर्वीचीही असू शकते.) दखनी म्हणजे बिघडलेली उर्दू, असे काही सुशिक्षित म्हणतात. ते आम्हास मान्य नाही. स्वतः मुहम्मद कुली दखनीत कविता करी. त्याच काळात पैठणला एकनाथ महाराज होते. त्यांच्या ‘हिंदु-तुर्क संवाद’ या भारुडात तुर्काचे बोलणे याच वळणाचे आहे. चारमिनार उभा राहिला तेव्हा महाराज हयात होते. आमच्या घरात मराठी आणि दखनी या दोन्ही भाषा बोलल्या जातात. मुलांनी एका वाक्यात दोहोंची सरमिसळ केली तर आम्ही रागावत नाही, फक्त कोणता शब्द कोठला ते विचारतो. हा खेळ कोणत्याही घरी खेळता येईल.

परतताना कोटी-सुलतान बाजाराकडे वळावे. हा भाग पूर्वी इंग्रज रेसिडेंटाच्या अखत्यारीत होता आणि १९३३ साली निजामाकडे परत आला. वाचनालये आणि शाळा येथे रुजल्या त्यास हेही एक कारण झाले असावे. श्रीकृष्णदेवराय आंध्र भाषा निलयम हे तेलुगू ग्रंथालय येथे १९०१ साली निघाले. केशवराव कोरटकरादी मंडळींची विवेकवर्धिनी त्यानंतर थोड्याच वर्षांत. मराठी ग्रंथसंग्रहालयही जवळच, इसामिया बाजारात. १९५८ साली औरंगाबादला विद्यापीठ होईपर्यंत मराठवाड्याची महाविद्यालये उस्मानियाशी जोडलेली होती. १९५६ च्या नोव्हेंबरात मराठवाडा निराळ्या राज्यात गेला, पण कुटुंबे, शाळा आणि पुस्तके येथेच राहिली. या कपाटांना आता वाचक कमी पडतात, आणि वाचू शकणारी घरे वीस किलोमीटरांवर आहेत. महिन्यातून एका रविवारी मुलांना घेऊन जावे, पुस्तक बदलून आणावे. सुलतान बाजाराला मेट्रोचे स्थानक आहे. तेथून परेड ग्राउंडला गाडी बदलली की रायदुर्गपर्यंत पुन्हा बदलावी लागत नाही, आणि मुलांना वाटेत पुस्तक वाचण्यास भरपूर वेळ मिळतो.