शेजारच्या दिव्यांची ओढ

नाताळांतील ताऱ्यांचे दिवे पाहून एखाद्या यहुदी मुलास तो सण साजरा करावासा वाटला, तर त्यांत दोष कोणता? येशू स्वतः यहुदी कुळांतच जन्मले.

हा प्रश्न महाराष्ट्रांत नवा नाहीं. कोंकणांत तेलाचा धंदा करणारे व शनिवारीं घाणा बंद ठेवणारे बेने इस्राएल ‘शनिवार तेली’ म्हणून ओळखले जात. एकोणिसाव्या शतकांत त्यांचीं पुष्कळ मुलें मिशन शाळांत शिकलीं. १८२९ सालीं मुंबईस आलेल्या डॉ. जॉन विल्सन यांनीं १८३२ मध्यें मराठींतून हिब्रू व्याकरण रचिलें. धर्मांतराची आशा होती. परंतु घडलें निराळें. मुलें आपलेच धर्मग्रंथ मूळ भाषेंत वाचूं लागलीं. ख्रिस्ती झाले ते फार थोडे. हिंवाळ्यांतील हनुक्का हा आठ दिव्यांचा सणही त्यांस पूर्वीं ठाऊक नव्हता. तो त्याच शतकांत इतर यहुद्यांकडून त्यांच्या घरीं आला.

म्हणून पालकांनीं अशा मुलावर रागावूं नये. घरचा दिवा उजळून दाखवावा. काठीच्या होळीस आलेल्या परगांवच्या पाहुण्यास आपण मोलगीकर परका मानीत नाहीं. आपला दिवा ओळखणाऱ्यानें शेजाऱ्याच्या अंगणीं पाहुणा होण्यास भ्यावें कशाला?